वडिलांचं ‘अडतीस’ आणि कमरेचं ‘बत्तीस’

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात राहतो, शेती आणि खडीचा व्यवसाय आहे. माझ्या नावावर दोन शस्त्रं आहेत : पिकाच्या राखणीसाठी बारा बोअरची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी .३२ चं पिस्तूल. वडील सैन्यातून निवृत्त झाले होते. आठ महिन्यांपूर्वी ते वारले. त्यांचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि बारा काडतुसं घरातल्या कपाटात आहेत. त्यांच्या परवान्यावर फक्त ‘रिव्हॉल्व्हर .३८’ असं लिहिलं आहे. हे शस्त्र मला माझ्या परवान्यावर चढवून घ्यायचं आहे. एक ओळखीचा कारागीर म्हणतो, “नळी बदलून बत्तीस करून देतो, मग पीबीची (प्रतिबंधित बोअरची) भानगडच नाही.” .३२ चं पिस्तूल शर्टाखाली लावून मी पुण्याला आणि कामानिमित्त गोव्यालाही जातो. धाकटा भाऊ ह्यूस्टनला एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे कुठल्याही कॅलिबरचं पिस्तूल लपवून बाळगता येतं. आपल्याकडे नेमकी मर्यादा कोणती, आणि मी आता काय करावं?

उत्तर : परवान्याचा विचार नंतर करू. रिव्हॉल्व्हर आधी कपाटातून बाहेर काढून पोलीस ठाण्यात जमा करा, आणि ते याच आठवड्यात करा. शस्त्र परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. वडील गेले त्या दिवशी त्यांच्या परवान्याचं बळ संपलं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की, शस्त्र बाळगणं ज्या क्षणापासून बेकायदा ठरतं तेव्हापासून विनाकारण विलंब न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दुःखाचे दिवस, तेरावं, वारसाची कागदपत्रं यांत महिना-दोन महिने गेले तर समजून घेतलं जातं. आठ महिन्यांना ‘विनाकारण नाही’ म्हणणं अवघड आहे. ‘माझं नाही, वडिलांचं आहे’ हा बचावही टिकत नाही. शस्त्र अंगावर असलंच पाहिजे असं नाही, ते आपल्या ताब्यात आहे याची जाणीव आणि त्यावरचं नियंत्रण असलं की ‘कब्जा’ सिद्ध होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या निकालात मांडलं आहे. कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे आणि आत काय आहे हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आता बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाबद्दल. तुमच्या कारागिराचा घोटाळा इथेच होतो आणि अनेक परवानाधारकांचाही.

आपल्याकडे ‘अमुक मिलिमीटरपेक्षा मोठं नको’ अशी मर्यादा नाही. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. वर्ग १(क) मध्ये पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाईन यांच्याबद्दल जे म्हटलं आहे त्याचा मथितार्थ असा : शस्त्राचा बोअर कोणताही असो, त्यात .३८० किंवा .४५५ ची कडा असलेली काडतुसं किंवा सैन्याची ९ मिमी काडतुसं बसत आणि झडत असतील, तर ते प्रतिबंधित. म्हणजे कायदा गोळीची जाडी मोजत नाही, चेंबर (काडतूस बसतं ते घर) तपासतो. सैन्य-पोलिसांचा दारूगोळा खाजगी शस्त्रात चालू नये, हा त्यामागचा हेतू. चोरलेलं किंवा वळवलेलं सरकारी काडतूस बाहेरच्या शस्त्राला निरुपयोगी ठरलं पाहिजे. म्हणूनच ताकदीने कितीतरी भारी असलेली .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरं ‘अप्रतिबंधित’ म्हणून परवान्यांवर नोंदलेली सापडतात, आणि जवळपास त्याच जाडीची गोळी झाडणारं ९ मिमी पिस्तूल मात्र सामान्य माणसाला मिळत नाही.

या कसोटीवर वडिलांचं शस्त्र कुठे बसतं? ‘माझं .३८ आहे, कायद्यात .३८० लिहिलंय, म्हणजे हे वेगळं’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो करू नका. ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरांतून झाडल्या जाणाऱ्या काडतुसाचं सरकारी नावच .३८० होतं. नळीवर किंवा सिलिंडरवर .३८ कोरलेलं असतं, काडतुसाच्या खोक्यावर .३८० छापलेलं असे, वस्तू एकच. वेब्लीच्या नळीवर प्रूफच्या (कारखान्यातल्या चाचणीच्या) खुणांबरोबर .३८ शेजारी .७६७ असा आकडा दिसला तर तो बोअरचा नाही, काडतुसाच्या पितळी टोपणाची इंचातली लांबी आहे. अशी खूण असलेलं रिव्हॉल्व्हर जवळपास निश्चितपणे वर्ग १(क) मधलं, म्हणजे रोजच्या बोलीत ‘पीबी’. .३८ स्पेशल हे अमेरिकी काडतूस निराळं आहे. त्याचं टोपण लांब आणि किंचित बारीक असतं. तुमचं शस्त्र कोणतं हे घरी काडतूस घालून बघू नका. तो निष्कर्ष पोलिसांच्या शस्त्रागारातल्या आर्मोररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्या जाणकाराकडून) लेखी येऊ द्या.

हे शस्त्र पीबी निघालं तर फरक फक्त शिक्षेच्या आकड्याचा उरत नाही. अप्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगलं तर कलम ३ चा भंग होतो, शिक्षा २ ते ५ वर्षं, आणि खटला भरण्याआधी कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ही एक चाळणी आहे. तिथे खुलासा देता येतो, वारसाची अडचण मांडता येते. प्रतिबंधित शस्त्राला कलम ७ लागतं. त्याची शिक्षा कलम २५(१-अ) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ७ ते १४ वर्षं. कलम ३९ ची चाळणी कलम ७ ला नाही. काडतुसांनाही तेच कलम लागतं, त्यामुळे रिव्हॉल्व्हर जमा केलं आणि बारा काडतुसं ‘आठवण’ म्हणून देव्हाऱ्यामागे ठेवली, तर अर्धं काम नव्हे, उलट जास्त वाईट काम केलंत असं होईल.

‘इतकं जुनं शस्त्र, त्याला कसला परवाना’ असं कुणी सांगितलं तर कलम ४५ वाचून दाखवा. पुराणवस्तू किंवा कालबाह्य घडणीचं शस्त्र कायद्याबाहेर आहे खरं, पण ते दुरुस्त करूनही झडू शकत नसेल तरच. तेल लावून कपाटात जपलेलं वेब्ली त्यात बसत नाही.

कारागिराचं काय करायचं? त्याला शस्त्र दाखवूसुद्धा नका. एक तर तांत्रिकदृष्ट्याच त्याचं म्हणणं पोकळ आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबर नळीत नसतात, सिलिंडरमध्ये असतात. नळी .३२ ची बसवली तरी सिलिंडरच्या सहा घरांत .३८० काडतूस बसतंच, म्हणजे शस्त्र प्रतिबंधितच राहिलं. वर बारीक नळीत जाड गोळी झाडली गेली तर हात जाईल तो वेगळाच. दुसरं, कलम ६ मध्ये २०१९ साली मुद्दाम भर घातली गेली : नियमांतल्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शस्त्र बदलायचं तर त्यासाठी वेगळा परवाना हवा. तसा परवाना नसताना बदल केला तर कलम २५(१) खाली किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप. करणारा आणि करवून घेणारा, दोघेही आत. आज तुमच्या हातात वारसाहक्काचं एक रखडलेलं प्रकरण आहे. त्याचं बेकायदा शस्त्रनिर्मितीचं प्रकरण करून घेऊ नका.

आता जमा कसं करायचं ते. कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्याची सवलत आहे, पण अधिकारपत्र देणारेच हयात नाहीत. म्हणून मोटारीच्या खणात टाकून ठाण्यात जाऊ नका. आधी ठाण्याच्या निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा : वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, शस्त्राचं वर्णन, काडतुसांची संख्या, विलंबाचं खरं कारण, आणि ‘कलम २१ अन्वये जमा करून घ्यावे’ ही विनंती. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. मग ठाण्याला विनंती करा की, कर्मचारी पाठवून घरीच पंचनाम्याने ताब्यात घ्या. तयार झाले नाहीत आणि ‘घेऊन या’ म्हणाले, तर कुणी, कधी सांगितलं ते लिहून ठेवा. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या पिशवीत, सोबत मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला, घरापासून थेट ठाणं. वेब्ली वरचा खटका दाबला की मधून मोडतं आणि काडतुसं बाहेर येतात. हे तुम्ही कधी केलं नसेल तर तो प्रयोग आजच करू नका, पोलिसांनाच येऊ द्या.

पावतीवर घासाघीस करा. नुसतं ‘एक रिव्हॉल्व्हर जमा’ अशी पावती पुढे फार त्रास देते. मेक, बोअर, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, तारीख आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक, एवढं त्यावर हवंच. क्रमांक परवान्याशी ताडून पाहताना शस्त्राच्या सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा, दोन्ही बघा. ते जुळत नसतील तर पूर्वी कधीतरी भाग बदलले गेलेत. ही गोष्ट तुम्ही स्वतः अर्जात नमूद केली तर ती माहिती ठरते, नंतर दुसऱ्याने शोधून काढली तर संशय. जमा शस्त्र परत मागण्याची किंवा विल्हेवाट लावण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली की शस्त्र सरकारजमा करण्याचा आदेश निघू शकतो. म्हणून पावती घेतानाच ती मुदत लेखी विचारून घ्या.

जमा केल्यावर ते तुमच्या नावावर येईल का? आज तरी नाही, कारण तुमच्याकडे दोन शस्त्रं आधीच आहेत. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं चालत. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम ३ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली. वारसाने आलेल्या शस्त्राला सूट मिळेल अशी अनेकांची समजूत आहे, पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की, वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडायची नाही. वेब्ली हवं असेल तर बारा बोअर किंवा .३२ यांपैकी एक सोडावं लागेल. बंदूक परवानाधारक खाजगी व्यक्तीला विकायची तर कलम ५ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. हे दिवस हिशेबात धरा.

त्याहून मोठी अडचण अशी की, पीबीचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. वडिलांच्या जुन्या फायलीत मंत्रालयाचं मंजुरीपत्र किंवा सैन्यातून शस्त्र घेतल्याचा कागद आहे का, हे आधी शोधा. तो सापडला तर तुमच्या अर्जाला पाया मिळतो. सापडला नाही आणि जिल्हा कार्यालय वर्षानुवर्षं नुसतं ‘.३८’ म्हणून नूतनीकरण करत आलं असेल, तर त्या ढिसाळ नोंदीने तुम्हाला हक्क मिळत नाही. वडिलांनी काही लपवलं नव्हतं एवढंच ती दाखवते.

शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वारसांसाठी आहे. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, ऑनलाइन प्रणालीतून. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, मूळ परवाना, जमा पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र आणि इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं. ‘इतर वारस’ म्हणजे आई, बहीण आणि ह्यूस्टनचा भाऊ. भावाच्या प्रतिज्ञापत्रावर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन घ्या, व्हॉट्सॲपवर आलेला सहीचा फोटो गृह शाखा परत करते. लग्न झालेल्या बहिणीला विसरणं ही नेहमीची चूक, आणि त्रुटीपत्र त्यावरूनच येतं. बहिणीकडे शस्त्र नसेल आणि ती पात्र असेल, तर तिने वारस म्हणून अर्ज करण्याचा मार्गही खुला आहे. फक्त मग शस्त्र तिच्या घरी, तिच्या ताब्यात राहील. नाव तिचं आणि कपाट तुमचं, असं चालणार नाही.

माझं मत विचाराल तर पीबीच्या मागे लागू नका. धमकीचा ठोस पुरावा नसताना केंद्राकडून मंजुरी येण्याची शक्यता कमी, त्यासाठी हातची बंदूक सोडावी लागणार, आणि मंजुरी मिळालीच तरी .३८० ची काडतुसं आणणार कुठून? शस्त्र सरकारजमा करून पोहोच घेतलीत तर प्रकरण कायमचं मिटतं. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी मात्र याच नियम २५ चा दुसरा भाग वाचावा : परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, जिवंतपणीच वारस नेमून परवाना त्याच्या नावावर करून घेता येतो. शेकडो घरांतली ही कपाटाची कटकट तेवढ्याने टळेल.

तुमच्या .३२ बद्दल. शर्टाखाली लावता यात गैर काही नाही, उलट नियम तेच सांगतो. नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या नियंत्रणात असलं पाहिजे. कमरेला उघडं खोचून लग्नात फिरणं हाच भंग. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आपण हॉटेलात जेवायला जाणं हाही भंग, कारण नियंत्रण सुटलं. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्यामागच्या बारीक अक्षरांतल्या अटी एकदा भिंग घेऊन वाचा : खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे शस्त्र नेता येत नाही. तुमच्या भागात लोणंद-फलटणहून पालखी जाते, गणपती असतात, गावोगावच्या यात्रा असतात. त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत.

बोअरचा एक बारकावा तुमच्याही परवान्यात तपासा. ‘.३२’ एवढंच लिहिलं असेल तर ‘पिस्तूल’ हा शब्द सोबत आहे ना ते बघा. .३२ चं पिस्तुलाचं काडतूस आणि .३२ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं टोपण १७ मिमी लांब, रिव्हॉल्व्हरचं २३ मिमी आणि त्याला ठळक कडा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘के एफ’ शिक्क्याची रिव्हॉल्व्हरची काडतुसं दुकानदाराने चुकून दिली तर ती तुमच्या मॅगझिनला निरुपयोगी, आणि परवान्यावरच्या खरेदीच्या रकान्यात मात्र ती संख्या चढलेली. दुकानातच खोकं उघडून बघा.

पुण्याला जाण्यात अडचण नाही, परवान्याचं क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर. गोव्याचं मात्र थांबवा. परवान्यावर गोवा राज्याचा उल्लेख नसेल, तर सिंधुदुर्गाची हद्द ओलांडून पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे गेल्यावर तुमचा परवाना त्या पिस्तुलाला लागू नाही, मग शर्टाखाली असो की पेटीत. गोव्यात नियमित काम असेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज करा, तोवर पिस्तूल साताऱ्यात ठेवून जा.

भावाला हे वाचायला द्या. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं आणि त्यासाठी कॅलिबरची वरची मर्यादा राज्याने घातलेली नाही, हे त्याचं बरोबर. गंमत म्हणजे तिथे काही काळ उलटी अट होती : परवान्याच्या नेमबाजी चाचणीला किमान .३२ चं शस्त्र लागे. ती २०१७ मध्ये काढली. अर्ध्या इंचापेक्षा मोठा बोअर झाला की अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वेगळा कायदा आड येतो, पण कमरेला लावायच्या पिस्तुलांचा तो प्रश्न नाही. भावाचा प्रश्न व्हिसाचा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला कोणतंही बंदूक-पिस्तूल किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्याने मुभा दिली म्हणून ही मनाई उठत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि त्यानंतर ग्रीन कार्डाचा विषयच संपतो. त्याने एखादं घेऊन ठेवलं असेल, तर तिथल्या फौजदारी आणि इमिग्रेशन अशा दोन्ही वकिलांशी बोलल्याशिवाय ते विकूही नये आणि हलवूही नये.

शेवटी अर्जाच्या निकालाचं. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी तुमच्या क्षेत्रवाढीला किंवा बहिणीच्या अर्जाला नकार दिला, तर कलम १४ खाली कारणांची लेखी प्रत मागा. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका, अहवालात काय प्रतिकूल आहे ते विचारा. अपील पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे, ३० दिवसांत. पीबीच्या अर्जावर केंद्राने नकार दिला तर मात्र कलम १८ प्रमाणे अपील नाही, कारण तो सरकारचाच आदेश. तिथे फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा जिल्ह्याच्या याचिका १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत.